बार्जमधले तीन हिस्से आणि ‘नावापुरती’ सही

मॅडम, नमस्कार. मी पवनी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहीत आहे. माझे मिस्टर भंडाऱ्याला डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करून मुंबईला गेले, बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू नौकेच्या) इंजिनावर काम करत राहिले आणि पुढे दोघा भागीदारांसोबत एक जुनी बार्ज विकत घेतली. तिच्यात त्यांचे दहापैकी तीन हिस्से आहेत. कागदावर ‘मर्चंट शिपिंग अ‍ॅक्ट 1958’ आणि नोंदणीचं बंदर मुंबई असं लिहिलं आहे. घर मात्र आमचं इथंच. पावसाळ्यात काम थांबलं की ते धानाच्या रोवणीला यायचे. मागच्या दिवाळीच्या तोंडावर ते अचानक गेले. मृत्युपत्र नाही.

मागे मी, सासूबाई, लग्न झालेली मुलगी आणि कॅनडात नोकरी करणारा मुलगा. भासरे, म्हणजे मोठे दीर, म्हणतात, ‘तुला मुंबईचं काय कळते? पटवाऱ्याकडून वारसान चढवून घेऊ, तहसीलचा दाखला आणू अन् बार्ज नावापुरती माझ्या नावावर करू, बाकी मी पाहून घेतो.’ तिकडून एका भागीदारानं पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर कागद पाठवला आहे. तिन्ही हिश्श्यांचे मिळून सहा लाख घ्या आणि महिनाअखेर सही करा, नाहीतर बार्ज सर्व्हेत (चालवण्यायोग्य आहे का याच्या तपासणीत) अडकेल आणि कोणालाच काही मिळणार नाही, असं तो म्हणतो. मुलगा परदेशात असल्यानं नोंदणीच रद्द होईल, असंही त्याचं म्हणणं. लेकीचा हक्क लग्नानंतर राहतो का? मी काय करू?

— एक वाचक, भंडारा जिल्हा

ताई,

सगळ्यात आधी एक विनंती. भासऱ्यांनी सांगितलेल्या कागदावरही सही करू नका आणि भागीदारानं पाठवलेल्या कागदावरही करू नका. दोघांचे हेतू कसे आहेत हे मला इथं बसून कळणार नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यावर अवलंबूनही नाही. दोन्ही कागदांचा परिणाम मात्र एकच आहे. त्या तीन हिश्श्यांवरून तुमच्या घराचं नाव जाईल आणि ते परत आणायला वर्षं लागतील.

‘नावापुरतं’ या शब्दानं मला सर्वात जास्त काळजी वाटली, म्हणून तिथूनच सुरू करते. शेतीत आपण हे पाहिलेलं असतं. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव असतं, वाहतात सगळे मिळून, आणि भांडण झालं तर फेरफाराविरुद्ध दाद मागता येते, कारण सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. जहाजाच्या रजिस्टरचं तसं नाही. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यानं स्पष्ट म्हटलंय की, हा मालक दुसऱ्या कुणासाठी विश्वस्त म्हणून नाव लावून बसला आहे, अशी नोंद रजिस्टरमध्ये घेतलीच जाणार नाही. रजिस्टरवर ज्याचं नाव, त्याला आपला हिस्सा विकण्याचा आणि पैशाची पावती देण्याचा पूर्ण अधिकार. विकत घेणारा रजिस्टर पाहून घेतो, त्याला तुमच्या घरातला तोंडी समझोता माहीत असण्याचं कारण नाही. उद्या भासऱ्यांना दवाखान्यासाठी पैसे लागले, किंवा ते राहिले नाहीत आणि त्यांच्या मुलांनी तो हिस्सा आपलाच मानला, तर तुमच्या हातात दिवाणी दावा तेवढा उरेल. त्यांचा स्वभाव कितीही चांगला असला तरी ही व्यवस्था चुकीची आहे.

आता हक्काचं. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी वर्ग एकच्या वारसांकडे जाते. तुमच्या घरात असे वारस चार आहेत: तुम्ही, सासूबाई, मुलगा आणि मुलगी. चौघांना सारखा वाटा. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा एका पैशानंही कमी होत नाही, तेव्हा तिला उमेदीनं या कामात सोबत घ्या. भाऊ वर्ग दोनमध्ये येतो, आणि वर्ग एकमधलं एकही माणूस हयात असेपर्यंत त्याला काही मिळत नाही. म्हणजे भासऱ्यांचा आज त्या बार्जमध्ये काहीही हक्क नाही. त्यांनी बँकेत किंवा विम्यात आपण नॉमिनी असल्याचं सांगितलं, तरी घाबरू नका. भाऊ नॉमिनी असला तर तो पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत हीच गोष्ट सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केली आहे. आणि जहाजाच्या रजिस्टरला नॉमिनीचा रकाना नसतोच.

एक गोष्ट मात्र भासऱ्यांच्या बाजूनं खरी होऊ शकते, ती तुम्हाला आत्ताच माहीत असलेली बरी. सासूबाईंना मिळणारा चौथा वाटा त्यांचा स्वतःचा होतो. त्या मृत्युपत्र न करता गेल्या, तर तो वाटा त्यांच्या मुलांकडे जाईल, म्हणजे भासऱ्यांकडे, तुमच्या नणंदा असतील तर त्यांच्याकडे, आणि तुमचे मिस्टर आधी गेले असल्यानं त्यांच्या जागी तुमच्या मुलांकडे. सासूबाईंना काय वाटतं ते त्यांना शांतपणे विचारा. त्या मृत्युपत्र करू शकतात, किंवा नातवंडांच्या नावे काही करू शकतात, किंवा काहीच न करण्याचाही त्यांना हक्क आहे. त्यांच्यावर दबाव आणू नका आणि इतर कोणी आणत असेल तर तुम्ही त्यांच्या पाठीशी उभ्या राहा. मुलगा गमावलेल्या आईला कागदावर अंगठा मागणारे चोहोबाजूंनी येतात.

तहसीलचा वारस दाखला आणि पटवाऱ्याकडची वारस नोंद शेतीसाठी करून घ्या, ते काम थांबवू नका. पण बार्जसाठी ते पुरणार नाही. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याचं कलम 44 नोंदणीकृत मालकाच्या मृत्यूनंतर काय करायचं ते सांगतं. वारसांनी ठरलेल्या नमुन्यात एक घोषणापत्र द्यायचं असतं: मालमत्ता कशी आणि कोणाकडे आली. त्यासोबत न्यायालयाचा कागद जोडावा लागतो. तो प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता), लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मृत्युपत्र नसताना मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार) किंवा सक्सेशन सर्टिफिकेट (वारसा प्रमाणपत्र) यापैकी एक, भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 खाली मिळालेला. मृत्युपत्र नसल्यानं प्रोबेटचा प्रश्न नाही. राहिले दोन. सक्सेशन सर्टिफिकेट मुळात येणी आणि रोखे यांच्यासाठी बनलेलं आहे, बँकेतली ठेव, शेअर्स, विम्याची रक्कम वगैरे. बार्ज ही जंगम वस्तू आहे. म्हणून तुमच्या बाबतीत लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन मागणं मला जास्त पक्कं वाटतं. त्यात बँकेतले पैसे, बार्जचे हिस्से आणि भागीदारांकडचं येणं सगळं एकत्र बसतं. वकिलांशी बोलताना हा मुद्दा जरूर काढा.

यासाठी मुंबईला जाऊन राहण्याची गरज नाही. मिस्टरांचं कायमचं राहतं घर तुमच्या गावात होतं. मतदार यादी, रेशनकार्ड, आधार यांवर गावचा पत्ता असेल तर अर्ज भंडारा जिल्ह्यातल्या न्यायालयात करता येतो. आणि तिथून मिळालेला हुकूम राज्यभर, म्हणजे मुंबईच्या मालमत्तेलाही लागू होतो. अर्ज चौघांनी मिळून करा, चौघांच्या नावे मागा. न्यायालय नोटीस काढतं, कुणाची हरकत आली तर ऐकून घेतं, जामीन मागू शकतं. भासऱ्यांनी हरकत घेतली तरी वर्ग एकच्या वारसांपुढे ती टिकण्यासारखी नाही. वेळ मात्र जाईल, म्हणून शक्यतो त्यांना आधीच समजावून सांगा.

मुलानं कॅनडाहून येण्याची गरज नाही. तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र तो बहिणीच्या नावे पाठवू शकतो. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरून घ्या, ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि पुढे कोर्टात अडकतात.

आणि त्याच्यामुळे नोंदणी रद्द होईल हे भागीदाराचं म्हणणं? 1958 च्या कायद्यानं भारतीय जहाज म्हणजे ज्याचे सगळे मालक भारतीय नागरिक, भारतात मुख्य कारभार असलेली इथली कंपनी किंवा सहकारी संस्था असं ठरवलं. अट नागरिकत्वाची आहे, राहण्याच्या ठिकाणाची नाही. मुलाकडे कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) असेल आणि पासपोर्ट भारतीयच असेल, तर तो भारतीय नागरिक आहे आणि हिस्सेदार होऊ शकतो. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, आणि मग प्रश्न खरा आहे: वारसाहक्कानं परदेशी नागरिकाकडे हिस्सा गेल्यास जुन्या कायद्यात रजिस्ट्रारनं केंद्र सरकारला कळवायचं आणि पुढे हायकोर्टाच्या आदेशानं विक्रीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं मर्चंट शिपिंगचा नवा कायदा मंजूर केला. त्यात ओसीआय कार्डधारकांसाठी (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी) मालकीचं दार उघडलं आहे. तेव्हा मुलाला एकच प्रश्न विचारा, तुझ्याकडे पासपोर्ट कोणता? भारतीय असेल तर हा विषय इथंच संपला. कॅनडाचा असेल, तर अर्ज करतेवेळी कोणते नियम लागू आहेत ते रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्या. त्याचा वाटा आई किंवा बहिणीच्या नावे सोडण्याचा मार्गही असतो, पण तो त्यानं स्वतः समजून निवडावा.

आता त्या दहा हिश्श्यांचं. तुमच्या पत्रावरून वाटतं की दहा हिस्से हा भागीदारांनी आपसात केलेला हिशेब आहे असं तुम्ही समजता. तसं नाही, 1958 च्या कायद्यानंच प्रत्येक नोंदणीकृत जहाजाची मालकी दहा हिश्श्यांत विभागली आहे. हिश्श्याचा तुकडा करून नोंद होत नाही, अर्धा हिस्सा, पाऊण हिस्सा असं रजिस्टरवर लिहिता येत नाही. तुमच्या घरात तीन हिस्से आणि वारस चार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण हिस्सा येतो. भागीदार किंवा भासरे कदाचित हेच दाखवून सांगतील की बघा, चौघांची नावं लागूच शकत नाहीत, एकाच्या नावावर करा. यावर उत्तर त्याच कायद्यात आहे. पाच जणांपर्यंत लोक एका किंवा अनेक हिश्श्यांचे संयुक्त मालक म्हणून नोंदवले जाऊ शकतात, आणि कायद्याच्या नजरेत ते मिळून एक व्यक्ती धरले जातात. म्हणजे तुम्ही चौघं त्या तीन हिश्श्यांचे संयुक्त मालक व्हा. संयुक्त मालकांपैकी एकट्याला आपला भाग परस्पर विकता येत नाही. चौघांच्या सह्या लागतील. काहींना ही अडचण वाटते, तुमच्या परिस्थितीत मला हे संरक्षण वाटतं.

याआधी एक खात्री करून घ्या. नोंदणीच्या दाखल्याचा स्वच्छ फोटो काढून वकिलांना दाखवा. वैनगंगेवर किंवा गोसेखुर्दच्या पाण्यात चालणारी मोटरबोट असती तर तिला इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट 2021 लागला असता. मासेमारीच्या बोटींसाठी आणि शिडाच्या जहाजांसाठी मर्चंट शिपिंग कायद्यातच वेगळे भाग आहेत. खाडीत चालणाऱ्या काही बार्जही अंतर्गत जलवाहतुकीच्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात. तुमच्या कागदावर मर्चंट शिपिंग अ‍ॅक्ट आणि मुंबई बंदर असेल, तर तुमचं कार्यालय म्हणजे मुंबईचं मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट, तिकडचे लोक त्याला एमएमडी म्हणतात. तिथल्या रजिस्ट्रारच्या पुस्तकात तुमच्या मिस्टरांचे तीन हिस्से आहेत. मूळ दाखला भागीदाराकडे असला तरी तुमचं काही अडत नाही. तो दाखला जहाज चालवण्यासाठी असतो, मालकीच्या वादात तो कुणी अडवून ठेवायचा नसतो, असं कायदाच म्हणतो.

एमएमडीला आजच एक साधं पत्र पाठवा. मिस्टरांच्या मृत्यूची माहिती द्या, मृत्यू दाखल्याची प्रत जोडा, आणि त्या बार्जच्या रजिस्टरमधल्या नोंदींची प्रमाणित प्रत मागा. त्यासाठीची फी आणि घोषणापत्राचा नमुना त्याच पत्रात विचारा, आणि घोषणापत्रावर सही कोणासमोर करायची तेही. ही प्रमाणित प्रत फार महत्त्वाची आहे. तिच्यात कळेल की तीन हिस्से खरंच त्यांच्या नावावर आहेत का, आणि त्यांच्यावर तारण नोंदलेलं आहे का. जहाजाचा एखादा हिस्साही तारण ठेवता येतो, आणि तारणांचा अग्रक्रम ती रजिस्टरवर कधी नोंदली गेली त्यावर ठरतो. भागीदार उद्या म्हणाला की तुझ्या नवऱ्यानं वीस लाख उचलले होते, तर आधी रजिस्टर पाहा, मग बँकेचे कागद मागा. आणि हे मनात पक्कं ठेवा की वारस म्हणून तुमची जबाबदारी त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. त्यांच्या कर्जासाठी तुमचे स्वतःचे दागिने किंवा मुलाचा पगार कुणी मागू शकत नाही.

एका प्रकारचं देणं रजिस्टरवर दिसत नाही. खलाशांचा थकलेला पगार, अपघातातली भरपाई, बंदराची देणी हे बार्जलाच चिकटून असतात. 2017 चा अ‍ॅडमिरल्टी (सागरी दाव्यांचा) कायदा असं सांगतो की मालक बदलला तरी हा बोजा जहाजासोबत जातो, साधारण एक वर्षापर्यंत, आणि खलाशांच्या पगारासाठी दोन वर्षं. म्हणून भागीदाराकडून हिशेब मागताना ‘खलाशांचा पगार कुठवर दिला’ हा प्रश्न विसरू नका. आणि तुमच्या मिस्टरांचा स्वतःचा इंजिन ड्रायव्हर म्हणून पगार थकला असेल, तर तो हिश्श्यांच्या पैशात मिसळू देऊ नका, वेगळा मागा. दोन वर्षांची मुदत त्यालाही आहे, म्हणून वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.

राहिला सहा लाखांचा प्रश्न. ते कमी की बरोबर, हे मी सांगणार नाही, आणि बार्ज न पाहता जो सांगेल त्याच्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. जुन्या बार्जची किंमत तिचा शेवटचा सर्व्हे, इंजिनची अवस्था, विमा आणि हातात असलेलं काम यांवर ठरते. भंगारातही लोखंडाला भाव असतो, हे लक्षात घ्या. चौघांनी मिळून एखाद्या स्वतंत्र सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घ्यायला खर्च येतो, तरी तो करा, कारण तुमच्याकडे घासाघीस करायला दुसरं काही नाही. विकायचं ठरलंच तर आधी तुमची नावं रजिस्टरवर लागू द्या. त्यानंतरची विक्री ठरलेल्या नमुन्यातल्या बिल ऑफ सेलवर (विक्रीपत्रावर) होते, किमान दोन साक्षीदारांसमोर, आणि तो कागद रजिस्ट्रारपुढे नेऊन नोंदवावा लागतो. 1958 च्या कायद्याच्या कलम 42 नुसार खलाशांचे पैसे चुकते झाल्याशिवाय आणि जहाजवाहतूक महासंचालकांना सूचना दिल्याशिवाय हस्तांतर वैध धरलं जात नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरची नोटरी यातलं काहीच करत नाही. तिनं फक्त तुमच्या हातून ‘मला सहा लाख मान्य आहेत’ हे लिहून घेतलं जातं, आणि पुढे तेच तुमच्याविरुद्ध दाखवलं जातं.

महिनाअखेरच्या धमकीचंही तसंच. बार्जचा सर्व्हे करून घेणं, विमा भरणं हे काम कारभार पाहणाऱ्या मालकाचं, म्हणजे मॅनेजिंग ओनरचं असतं. तुमचे मिस्टर ते नव्हते असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तुमची हिस्से विकायची सही आणि सर्व्हे यांचा काही संबंध नाही.

भागीदाराला उत्तर फोनवर देऊ नका. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. मजकूर असा चालेल:

‘आपलं पत्र मिळालं. बार्जच्या तीन हिश्श्यांसह माझ्या दिवंगत पतींच्या मालमत्तेचे आम्ही चौघं कायदेशीर वारस आहोत आणि त्यासाठी न्यायालयीन कारवाई करत आहोत. आमची नावं रजिस्टरवर लागेपर्यंत हिश्श्यांच्या विक्रीबाबत कोणताही कागद आम्ही करणार नाही. नोंदणीचा दाखला, विमा, शेवटचा सर्व्हे अहवाल, कर्जाचे कागद, खलाशांच्या पगाराच्या नोंदी आणि आजवरच्या उत्पन्न-खर्चाचा हिशेब यांच्या प्रती तीस दिवसांत पाठवाव्यात. माझ्या पतींच्या हिश्श्याचं उत्पन्न त्या हिशेबात वेगळं दाखवावं.’

खाली तुमची आणि सासूबाईंची सही, मुलीची सही, मुलाच्या वतीनं अजून मुखत्यारपत्र आलेलं नसेल तर त्याची सही नको. याची एक प्रत दुसऱ्या भागीदारालाही पाठवा. त्याच्याकडे वेगळे कागद असण्याची, आणि त्याचं या सहा लाखांबद्दल वेगळं मत असण्याचीही शक्यता आहे. एमएमडीच्या पत्राला हीच प्रत जोडा.